दुधाची साक्ष : ओकवनांतील दुधाळ अळिंबांच्या ओळखीचा इतिहास

जुन्या ग्रंथात एखाद्या वनस्पतीचे नाव आढळले म्हणजे ते नाव आजच्या कोणत्या जातीस लावावयाचे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे नेहमीच उभा राहतो. धान्याच्या बाबतीत उत्खननात सापडलेले जळके दाणे मदतीस येतात. वृक्षांच्या बाबतीत लाकूड किंवा पराग मिळतो. अळिंबांच्या बाबतीत असे काही सहसा मिळत नाही. ती चार-सहा दिवसांत कुजून जातात व मागे काहीच ठेवीत नाहीत. त्यांतही ज्यांना दुधाळ अळिंबे म्हणता येईल, त्यांची स्थिती अधिकच बिकट आहे. त्यांची मुख्य खूण म्हणजे मोडल्याबरोबर पाझरणारा चीक. तो चित्रात उमटत नाही, आणि वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात टिकत नाही. तेव्हा ह्या अळिंबांचा इतिहास लिहिताना चित्रांपेक्षा आणि नमुन्यांपेक्षा लोकांच्या तोंडी राहिलेली नावे हा अधिक विश्वसनीय पुरावा ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते कितपत टिकते, हे पुढील विवेचनावरून पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तू कोणती, हे सांगणे अवश्य आहे. कारण ती आपल्या परिचयाची नाही. सह्याद्रीच्या रानांत ओक वृक्ष नाहीत. आपल्याकडील अळंब्यांचे ज्ञान मुख्यतः पहिल्या पावसानंतर वारुळांवर उगवणाऱ्या जातींभोवती गुंफलेले आहे. जागा आणि वेळ ठाऊक असली की कोकणातील माणूस बहुतेक निम्मी परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो. ओकवनांतील अळिंबे ह्याहून निराळी. हिमालयातील बांजाच्या वनांतून त्यांच्या अनेक जातींची नोंद झालेली आहे, कुमाऊँतील जातींचा तर स्वतंत्र अभ्यासही झाला आहे. परंतु त्यांचा लिखित इतिहास मुख्यतः मध्य युरोपातला आहे, आणि तेथेच आपल्याला जावे लागेल.

ह्या अळिंबांपैकी ओकवनात सर्वांत नावाजलेली जाती म्हणजे लॅक्टिफ्लुअस व्होलेमस. तिचे छत्र पाच ते बारा सेंटिमीटर रुंदीचे, कोरडे, हाताला किंचित मखमली लागणारे, आणि जर्दाळूपासून विटकरीपर्यंतच्या छटांचे असते. छत्राखाली जी पातळ पाती दाटीने बसवलेली असतात, ती फिकट साईच्या रंगाची. ओक, बीच व चेस्टनट ह्यांच्या छायेत उन्हाळ्याच्या मध्यापासून शरद ऋतूपर्यंत ती उगवते. पातीला नखाने जरासे खरचटले की पांढरे दूध थेंबाथेंबाने नव्हे, तर ओघाने वाहू लागते. थोड्या वेळाने ते तपकिरी होते आणि बोटांवर, वस्त्रांवर डाग ठेवते. ह्या चिकात रबराच्याच जातीचा पदार्थ असतो, त्यामुळे हात चिकट होतात. अळिंब हाती घेऊन काही काळ गेला की त्याला मासळीचा वास येऊ लागतो, आणि ठेवून दिले तर तो वाढतच जातो. नवख्या माणसाला हा वास नासल्याचे लक्षण वाटते. जाणत्याला मात्र त्याच वासाने खात्री पटते. चव सौम्य असते. रंग, दूध, दुधाचे तपकिरी होणे, वास आणि चव अशा ह्या पाच परीक्षांपैकी चित्रात दिसते ती फक्त पहिली. उरलेल्या चारही परीक्षा हाताच्या, नाकाच्या व जिभेच्या आहेत, आणि त्या अळिंब ताजे असतानाच घ्याव्या लागतात.

ओकाचाच आग्रह का, ह्या प्रश्नाचे उत्तर फार उशिरा मिळाले. प्रशियात कंदासारखी जमिनीखाली वाढणारी ट्रफल नावाची मौल्यवान अळिंबे लागवडीने वाढविता येतील काय, ह्याचा शोध घेण्याचे काम आल्बर्ट बर्नहार्ट फ्रांक ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले होते. लागवड काही साधली नाही. पण वृक्षांच्या बारीक मुळांभोवती कवकतंतूंचे आवरण असते आणि ते रोग नसून परस्परपोषणाची व्यवस्था आहे, हे त्याच्या ध्यानात आले. ह्या जोडणीस त्याने 1885 मध्ये 'मायकोऱ्हायझा', म्हणजे कवकमूल, असे नाव दिले. सरकारला ट्रफल हवे होते आणि हाती आला एक सिद्धांत. दुधाळ अळिंबे ह्याच व्यवस्थेतील आहेत; वृक्षावाचून ती वाढत नाहीत. म्हणून कोणत्या झाडाखाली सापडले, हा प्रश्न गोळा करणारी माणसे जो प्रथम विचारतात, त्यात केवळ सवय नसून शास्त्र आहे. ते त्या माणसांना शास्त्राच्या आधी ठाऊक होते, एवढेच.

हा प्रश्न न विचारल्यामुळे पंडितांची कशी फसगत होऊ शकते, ह्याचे एक उदाहरण प्राचीन रोमच्या संदर्भात देता येईल. इ. स. 79 च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम येथील एक भित्तिचित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात नारिंगी छत्रांची काही अळिंबे रंगविलेली आहेत. युरोपीय कलेतील अळिंबांच्या जुन्यांत जुन्या चित्रांपैकी ते एक मानले जाते, आणि ती अळिंबे लॅक्टेरियस डेलिसिओसस ह्या केशरी दुधाच्या जातीची असल्याचे अनेक लेखक निःशंकपणे सांगतात. काहींच्या मते ती तिच्या निकटची, लाल दुधाची जाती असावी. दोन्ही मते शक्य आहेत. दोन्ही मतांना एकच दोष लागू आहे : चित्रात दूधही नाही आणि झाडही नाही. केशरी दुधाची जाती पाइनखाली उगवते, ओकाखाली नव्हे. चित्रातील अळिंबे कोणत्या रानातून आणली, हे कळण्यास साधन नसताना केवळ रंगावरून दिलेला निर्णय अंदाजच म्हणावा लागतो. प्लिनीनेही अळिंबांविषयी पुष्कळ लिहिले आहे. नीरोच्या पहारादलाचा अधिकारी आन्नेउस सेरेनुस आपल्या सहकाऱ्यांसह एकाच मेजवानीत अळिंबांनी मेला, ही हकीकत त्याच्यामुळेच आपल्याला ठाऊक आहे. परंतु त्याची नावे आजच्या जातींना नेमकी जोडणे बहुतेक ठिकाणी अशक्य आहे.

पुराव्याची खरी जमीन लागते ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कारोलुस क्लुसिउस (1526–1609) हा फ्लँडर्सच्या बाजूचा वनस्पतिशास्त्रज्ञ 1573 पासून वियेन्नाच्या सम्राटांच्या सेवेत होता. तेथून तो पश्चिम हंगेरीतील बाल्टाझार बात्यानी ह्या विद्याव्यासंगी सरदाराच्या आश्रयाने आसपासच्या ओकवनांतून हिंडला. ह्या भ्रमणातून 1601 मध्ये पॅनोनियातील अळिंबांवरील त्याचा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. केवळ अळिंबांना वाहिलेला पहिला ग्रंथ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याने खाण्याजोगी आणि अपायकारक असे दोन वर्ग केले, आणि प्रत्येकाखाली अनेक प्रकार नोंदविले. ह्या निबंधाचे महत्त्व केवळ प्राथम्यात नाही. क्लुसिउसने आपल्या पूर्वसूरींप्रमाणे प्लिनी आणि डायोस्कोरिडीस ह्यांची वचने घोळवीत न बसता स्थानिक लोक काय खातात, त्यास काय म्हणतात आणि कसे शिजवितात हे विचारले, आणि हंगेरियन व जर्मन नावे लिहून ठेवली.

त्याच्या चित्रांची कथा आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने बोधप्रद आहे. निबंधासाठी जलरंगांतील सुंदर चित्रे काढविलेली होती. पण छपाईच्या वेळी ती सापडली नाहीत, आणि ग्रंथ लाकडी ठशांच्या साध्या चित्रांनिशी निघाला. चित्रे पुढे पुन्हा उजेडात आली. अँटवर्पचा पाद्री फ्रान्सिस्कुस व्हान स्टर्बेक ह्याने 1675 च्या आपल्या अळिंबग्रंथासाठी त्यांचा उपयोग केला. आज तो संग्रह लायडन येथे आहे, आणि हंगेरियन अभ्यासक इश्त्वान्फी ह्याने गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याचे सटीक प्रकाशन केले. म्हणजे आता आपल्यापाशी एकाच संशोधकाचे शब्द आणि रंगचित्रे दोन्ही आहेत. तरीही दुधाळ जातींच्या बाबतीत निर्णय बहुधा शब्दांवरूनच करावा लागतो. रंग चारशे वर्षांत बदलतात, चित्रकाराचा हात एका छत्रासारखे दुसरे काढतो. पण एखाद्या शेतकऱ्याने दुधावरून वा कडवटपणावरून दिलेले नाव लिहून ठेवले असेल तर ते तसेच राहते.

ह्यानंतर शास्त्रीय नावांचा काळ सुरू होतो, आणि त्यास फार वेळ देण्याचे कारण नाही. लिनीअसने 1753 मध्ये पातींची सर्व अळिंबे 'अ‍ॅगॅरिकस' ह्या एकाच प्रजातीत घातली. पर्सूनने 1797 मध्ये दुधाच्या लक्षणावर 'लॅक्टेरियस' ही प्रजाती वेगळी काढली, आणि स्वीडनच्या एलियास फ्रीसने 1821 पासून पुढे तिला व्यवस्थित रूप दिले. 'व्होलेमस' हे जातिनाम फ्रीसचे. लॅटिनमध्ये 'व्होला' म्हणजे तळहाताची ओंजळ. ओंजळ भरेल एवढे दूध, असा त्या नावाचा रोख असल्याचे सांगतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दुधाला वर्गीकरणाचे लक्षण म्हणून मान मिळण्यास अठराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. रानात जाणाऱ्या बायकामुलांनी ते लक्षण त्यापूर्वी किती शतके वापरले असेल, हे त्यांनी दिलेली नावे सांगतात.

ती नावे पाहू. फ्रेंच भाषेत ह्या अळिंबाला 'व्हाशेत' म्हणतात. म्हणजे लहानशी गाय. पोलिश नावात ते 'चविष्ट दुधाळ' आहे. जपानी 'चिचिताके' हे नाव स्तन वा दूध ह्या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहे, आणि तोचिगी प्रांतात ह्या अळिंबाच्या रश्श्यात सोबा किंवा उदोन घालून खाण्याची आवड प्रसिद्ध आहे. चीनच्या युन्नान प्रांतातील बाजारात ते 'नाय-ज्यांग-ज्युन', म्हणजे दूधरसाचे अळिंब, ह्या नावाने विकले जाते. फ्रान्स आणि युन्नान ह्यांच्यात ह्या बाबतीत काही देवघेव झाली असेल असे मानण्यास आधार नाही. वस्तूच्या अंगच्या लक्षणाने दोन्हीकडे एकच कल्पना सुचविली.

नावांचा दुसरा गट स्वयंपाकाकडे बोट दाखवितो, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो अधिक बोलका आहे. चेक भाषेत ह्यास 'सिरोव्हिंका' म्हणतात. 'सिरोव्ही' म्हणजे कच्चे. हे अळिंब रानातल्या रानात कच्चेच खाता येते, ही समजूत त्या नावात कायमची बसली आहे. हंगेरियनमध्ये ते 'केन्येरगोंबा', म्हणजे भाकरीचे अळिंब. जर्मनमध्ये 'ब्रेटलिंग', 'ब्राटेन' म्हणजे तव्यावर भाजणे वा तळणे, त्यावरून. एकाच वस्तूस शेजारचे तीन समाज कच्चे, भाकरीचे आणि भाजण्याचे अशी तीन नावे देतात, तेव्हा तीन स्वयंपाकघरे आपल्यापुढे उभी राहतात. पाकशास्त्राच्या छापील पुस्तकांत ओकवनाकाठच्या गरिबाच्या जेवणाची नोंद क्वचितच झाली असेल. ती ह्या नावांत झाली आहे.

ह्यापैकी जर्मन नावाने पुढे एक लांबचा प्रवास केला असावा. अमेरिकेच्या पश्चिम व्हर्जिनियातील डोंगराळ ओकवनांत हेच किंवा ह्याच्या अगदी निकटचे अळिंब विपुल आहे. तेथील लोक त्यास 'लेदरबॅक' म्हणतात, आणि दुसरे नाव 'ब्रॅडली'. ब्रॅडली हे इंग्रजीत माणसाचे आडनाव आहे. अळिंबाशी त्याचा संबंध वरवर पाहता लागत नाही. परंतु ॲपलेशियन डोंगरांत जर्मन भाषिकांची वस्ती अठराव्या शतकापासून झाली होती हे लक्षात घेतले, म्हणजे ब्रॅडली हे 'ब्रेटलिंग'चेच अपभ्रष्ट रूप असावे हा तर्क पटण्याजोगा वाटतो. तर्क तो तर्कच, लेखी पुरावा नव्हे. तो खरा असल्यास त्याचा अर्थ मात्र मोठा आहे. स्थलांतरितांनी बी आणले, अवजारे आणली, हे आपण वाचतो. अळिंबाचे बी कोणी गाठोड्यात बांधून आणीत नाही. त्यांनी आणली ती ओळख. परक्या खंडात, परक्या जातीच्या ओकाखाली, त्यांनी एक विटकरी छत्र उचलले, नखाने खरचटले, दूध तपकिरी होताना पाहिले, हुंगले आणि जुन्या नावाने हाक मारली. चित्राचे पुस्तक त्या वेळी त्यांच्या हाती असण्याचा संभव नव्हता.

पुस्तके पुढे आली. जर्मनीत लेन्त्सचा उपयुक्त व अपायकारक अळिंबांवरील ग्रंथ 1831 मध्ये निघाला. इंग्लंडमध्ये बॅडमचा 1847 मध्ये. इंग्लंडात अळिंबांविषयी लोकांत मुळातच एक घृणा होती, त्यामुळे बॅडमला गोळा करणाऱ्यांना शिकवायचे नव्हते, तर न खाणाऱ्यांना पटवायचे होते. 1868 मध्ये हेरफर्डच्या वुलहोप निसर्गाभ्यासक मंडळाने डॉ. बुल ह्यांच्या पुढाकाराने अळिंबांची सामुदायिक रानफेरी काढली. दिवसभर रान धुंडाळावयाचे आणि सायंकाळी सापडलेल्यांपैकी काही भोजनात घ्यावयाची, असा क्रम पुढे रूढ झाला. अमेरिकेत कॅप्टन चार्ल्स मॅकइल्व्हेन ह्याने पश्चिम व्हर्जिनियाच्या रानांत राहून शेकडो जाती स्वतः खाऊन पाहिल्या आणि 1900 मध्ये एक हजार अमेरिकन कवकांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या पचनशक्तीची ख्याती एवढी होती की ती त्याच्या निष्कर्षांवर थोडीशी शंका घेण्याचे कारणही ठरावी. तरी ह्या सर्वांच्या लेखनात एक समान अडचण आहे. परीक्षा हाताची आणि नाकाची, साधन मात्र छापील पानाचे. रंगीत चित्र पाहून वाचक रंगाकडे वळतो, आणि रंग हीच ह्या अळिंबांची सर्वांत दुबळी खूण आहे.

ही अडचण केवळ बौद्धिक नव्हे, हे 1940 नंतरच्या दशकाने दाखविले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अन्नाची टंचाई होती आणि शहरांतील माणसे, ज्यांच्या घरात रानाची परंपरा नव्हती, तीही रानाकडे वळली होती. लाइपझिग येथे ऑक्टोबर 1949 मध्ये लॅक्टेरियस हेल्व्हस ह्या जातीमुळे 418 माणसांना एकाच सुमारास विषबाधा झाली : मळमळ, भोवळ, उलट्या, थंडी. ही जातीही फिकट तपकिरी आणि दुधाळच. परंतु तिचे दूध पाण्यासारखे निवळ असते, ती ओकाखाली न उगवता पाइन, स्प्रूस व बर्च ह्यांच्या ओलसर, आम्ल जमिनीवर उगवते, आणि तिला मासळीचा नव्हे तर मेथीसारखा वास येतो. झाड, दूध आणि वास ह्या तिन्ही परीक्षांत ती वेगळी पडते. रंगाच्या परीक्षेत मात्र पडत नाही.

त्याआधी पाच वर्षे, 1944 मध्ये, जर्मन कवकशास्त्रज्ञ यूलिउस शेफर ह्याचा मृत्यू झाला होता. दुधाळ अळिंबांच्या भावकीतील रस्सुला प्रजातीचा तो श्रेष्ठ जाणकार. त्याचा घात केला तो पॅक्सिलस इन्व्होल्यूटस ह्या जातीने. तेव्हा पूर्व व मध्य युरोपात ती नीट शिजविल्यास खाण्याजोगी मानली जात असे. तिच्या पातीही दाबल्याबरोबर तपकिरी होतात. ती ओकाखालीही सापडते. पण तिच्यात दूध नाही. शेफरची ओळख चुकली नव्हती, त्याने जे खाल्ले ते ओळखूनच खाल्ले. चूक परंपरेत होती. ही जाती अनेकदा खाल्ल्यानंतर एखाद्या वेळी शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर उठते, हे पुढे कळले. म्हणून लोकपरंपरेचा पुरावा मोलाचा आहे असे म्हणताना एक मर्यादा घालणे प्राप्त आहे : परंपरा वस्तू ओळखते, पण उशिरा होणारा वा क्वचित होणारा अपाय तिला दिसत नाही.

खाण्याजोगे कशास म्हणावे, ह्याबाबतही परंपरा एकमत नाहीत. ओकवनातीलच पांढरी तिखट दुधाळ जाती पश्चिमेकडील पुस्तकांत अखाद्य म्हणून नोंदली जाते; हंगेरीत आणि ट्रान्सिल्व्हेनियात मात्र ती विस्तवावर भाजून आवडीने खातात. फिनलंडमध्ये तिखट दुधाच्या जाती उकळून, पाणी फेकून, मिठात घालून ठेवतात. त्यांतील लोकरी काठाच्या जातीचे शास्त्रीय नाव 'टॉर्मिनोसस' पोटातील कळा ह्या अर्थाचे आहे. नाव देणाऱ्याने ती बहुधा न उकळता खाणाऱ्यांची हकीकत ऐकली असावी.

अलीकडील संशोधनाने हा सारा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला आहे. 2008 पासून जनुकीय अभ्यासावरून पर्सूनची लॅक्टेरियस ही एक प्रजाती नसून अनेक आहेत असे सिद्ध झाले, आणि व्होलेमस व तिच्या जवळच्या जाती 'लॅक्टिफ्लुअस' ह्या प्रजातीत गेल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्होलेमस हीसुद्धा एक जाती नाही. केवळ उत्तर थायलंडमधील नमुन्यांच्या अभ्यासात 2010 मध्ये अठरा निरनिराळे वंश आढळून आले, आणि त्यांतील अनेक डोळ्यांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. तेव्हा वर ज्या फ्रेंच, युन्नानी, जपानी आणि अमेरिकन नावांचा आपण एकत्र विचार केला, ती एकाच जातीची नावे नाहीत हे उघड आहे. ह्याने नावांचा पुरावा कोसळतो काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, नाही. 'ब्रेटलिंग' म्हणणाऱ्याने कधी जातीचा दावा केलाच नव्हता. त्याचा दावा एवढाच होता की असे दूध, असा वास आणि अशी चव असलेली वस्तू भाजून खाता येते, आणि तो दावा अठराही वंशांच्या बाबतीत तपासता येईल असा आहे. कोसळते ते जुन्या नावापुढे कंसात एकच लॅटिन नाव घालून मोकळे होण्याची आपली सवय.

युरोपात स्वतः अळिंबच आता विरळ होत चालले आहे. नेदरलंड्समधून ते नाहीसे झाल्याचे मानले जाते, आणि अनेक देशांच्या लाल याद्यांत त्याचे नाव आहे. हवेतून जमिनीत उतरणाऱ्या नत्राचा ओकवनांतील कवकांवर होणारा परिणाम हे त्याचे एक कारण सांगितले जाते. जर्मनीच्या जातिसंरक्षणविषयक नियमांच्या परिशिष्टात ते संरक्षित म्हणून नोंदलेले असून, घरच्या उपयोगापुरते थोडेसे घेण्याची मुभा आहे. परिशिष्टात लॅटिन नाव 'लॅक्टेरियस व्होलेमस' असे जुनेच आहे. शेजारी जर्मन नाव छापले आहे ते 'ब्रेटलिंग'.